तीन चौकोनी शेरा

आडवे-उभे मंडळाला चौदा वर्षांत पहिल्यांदाच चेक मिळाला आणि त्याच आठवड्यात असं उघडकीला आलं की मंडळ मुळात अस्तित्वातच नाही.

तोवर ते आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. दर रविवारी सकाळी दहाला दातांच्या डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात अकरा माणसं जमायची आणि एकमेकांनी रचलेली शब्दकोडी सोडवायची. पेशंट ताटकळत बसतात त्या खोलीत खुर्च्या होत्या दहा. उशिरा येणाऱ्याला आतल्या दात काढायच्या खुर्चीत आडवं पडून कोडं सोडवावं लागे, आणि डॉक्टर, जे मंडळाचे अध्यक्षही होते, जाता-येता सवयीने त्याच्या तोंडावर दिवा लावून जात. वर्गणी महिन्याच्या चहापुरती. ती एका चपट्या पत्र्याच्या डब्यात पडायची आणि डबा अनुस्वारांकडे असायचा, कारण ते खजिनदार होते.

अनुस्वार हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, हे काम. नोकरी संपली, पण लाल पेन काही खिशातून निघालं नाही. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, भाडेकरूंनी जिन्यात लावलेल्या सूचना, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. ‘येथे थुंकु नये’ अशी पाटी दिसली की थुंकणाऱ्याला सोडून हे लिहिणाऱ्याला शोधायला निघत. मंडळातल्या टपालबाईंच्या एका कोड्यात ‘संन्यास’ हा शब्द अनुस्वाराशिवाय बसवलेला होता, कारण त्याच चौकोनातून खाली ‘सरडा’ उतरत होता. यांनी कोडं परत केलं. “एका टिंबाने काय बिघडतंय?” असं बाईंनी विचारलं. “टिंब नाही, अनुस्वार आहे तो,” असं उत्तर मिळालं. पुढचे तीन रविवार दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी बाईंनी सरड्याला हाकलून अख्खं कोडं नव्याने रचून आणलं, आणि जाता जाता यांचं बारसं करून टाकलं.

टपाल खात्यात हयात घालवलेल्या या बाई मंडळातल्या सगळ्यात बिलंदर. ‘लागते, पण दुखत नाही, दोन अक्षरी’ असं काहीतरी देऊन त्या स्वस्थ बसायच्या. मग डॉक्टर ‘भूक’ म्हणणार, शिंपीमामा ‘भूक दुखते, डॉक्टर, तुम्हाला कधी लागलीच नसेल’ म्हणणार, गणिताच्या बाई ‘झोप’ म्हणून हटून बसणार, आणि तासाभराने टपालबाई चष्मा पुसत ‘चव’ असं सांगून चहा मागवणार. त्या गेल्या तेव्हा रविवारी दहा खुर्च्यांना दहा माणसं झाली आणि दात काढायची खुर्ची रिकामी राहिली. कोणालाच ते बरं वाटलं नाही.

जायच्या आधी महिनाभर त्यांनी अनुस्वारांना घरी बोलावलं होतं आणि एक जाड वही त्यांच्या हातात दिली होती. एकशे बारा कोडी, सगळी त्यांच्या बारीक, पाकिटावरच्या पत्त्यासारख्या सुबक अक्षरात. “याचं पुस्तक करा,” बाई म्हणाल्या. “तपासायचं तुम्ही. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका. पैशांचं मी बघते.” अनुस्वारांनी हो म्हटलं. घरी येऊन वही उघडली, तर एकशे बारा कोड्यांत त्यांना एकही चूक सापडली नाही. हे त्यांना बाईंना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं ते गेलंच, आणि आता ते पुस्तक हीच सांगायची एक जागा उरली होती.

बाईंचा भाचा चेक घेऊन आला. चेक ‘आडवे-उभे मंडळ’ या नावाने होता, आणि रक्कम पुस्तक निघून वर थोडी उरेल एवढी.

“मावशीने लिहून ठेवलं होतं तसं केलंय,” भाचा म्हणाला. “फक्त तीन महिन्यांच्या आत वटवा. त्यानंतर तिचं खातं बंद करून उरलेलं आम्हा चौघांत वाटायचं ठरलंय. माझं काही नाही हो, पण दुसरा चेक द्यायला बाकीचे तिघं तयार होणार नाहीत. त्यांच्यात कोणाला शब्दकोड्यांची आवड नाही.”

दुसऱ्या दिवशी अनुस्वार इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले. टेबलामागच्या माणसाने चेक उजेडात धरला.

“आडवे-उभे म्हणजे व्यायामशाळा का?”

“शब्दकोड्यांचं मंडळ आहे.”

“नोंदणीचा दाखला आणलाय?”

“नोंदणी नाही केली कधी.”

“घटना? पदाधिकारी निवडल्याचा ठराव? सभेचं इतिवृत्त?”

“आम्ही रविवारी भेटतो,” अनुस्वार म्हणाले. एवढा एकच पुरावा त्यांच्याकडे होता.

“भेटत असाल, काका. पण कागदोपत्री तुम्ही नाही आहात.”

“मग असं करा, माझ्या खात्यात भरून टाका. मी खजिनदार आहे.”

त्या माणसाने चेक टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. “मंडळाच्या नावाचा चेक स्वतःच्या खात्यात? तुम्ही घरंदाज दिसता म्हणून सांगतो, हे दुसऱ्या कोणापुढे बोलू नका.” चौतीस वर्षांत ज्यांच्या हातून कधी स्वल्पविराम सुटला नाही, त्या गृहस्थांना भर बँकेत अफरातफरीची समज मिळाली. घरी येऊन त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला.

बातमी शेजारच्या विमेवाल्यांना लगेच कळली. हे गृहस्थ विमे विकायचे आणि सल्ले फुकट द्यायचे, त्यामुळे लोक त्यांच्याकडून सल्लेच घ्यायचे. “नोंदणी करा,” ते म्हणाले. “अर्ज करा, घटना लिहा, सोपं असतं. फक्त एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. सरकारी कागदावर मोकळी जागा सोडायची नाही. मोकळी जागा दिसली की मागाहून कोणीतरी त्यात काहीतरी लिहितो आणि मग तुम्ही बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.” हा सल्ला अनुस्वारांनी मनावर घेतला, आणि पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं.

घटना लिहायला चार रविवार गेले. दहा शब्दवेड्यांना एका कागदावर एकमताचं वाक्य लिहायला सांगितलं की काय होतं ते पाहायचं असेल तर त्या चार रविवारी दवाखान्यात यायला हवं होतं. ‘मंडळाचा उद्देश’ इथेच पहिला रविवार संपला, कारण निम्म्यांना ‘उद्दिष्ट’ हवं होतं. ‘सभासद’ की ‘सदस्य’ यावर शिंपीमामा रागावून टेप गळ्यात अडकवून निघून गेले आणि चहा आल्यावर परत आले. मंडळ बंद पडलं तर मालमत्तेचं काय करायचं असं एक कलम लागतं म्हणे. मालमत्ता मोजली तेव्हा एक शब्दकोश निघाला, ‘क्ष’ची पानं फाटलेला, एक डबा आणि सात खोडरबरं. यांची विल्हेवाट कोणी, कशी आणि किती दिवसांत लावायची यावर गणिताच्या बाईंनी दीड पान लिहून आणलं. पैशांची कलमं मात्र अनुस्वारांनी एकट्याने बसून लिहिली. पावती कधी द्यायची, दर वर्षी हिशेब कोणापुढे ठेवायचा, चूक झाली तर काय करायचं, सगळं. घटना नऊ पानांची झाली.

मग प्रश्न आला सहीचा. अर्जात ‘कायदेशीरदृष्ट्या जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना होता. तो वाचून झाल्यावर दवाखान्यात अशी शांतता पसरली जी एरवी फक्त सुई दिसल्यावर पसरते.

“मला ब्लडप्रेशर आहे,” डॉक्टर म्हणाले.

“माझं अजून कर्ज फिटायचंय मशीनचं,” शिंपीमामा म्हणाले.

गणिताच्या बाई छताकडे बघून काहीतरी मोजायला लागल्या. शेवटी सगळे अनुस्वारांकडे बघायला लागले, आणि त्यांनी सही केली. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, “तुरुंगात जेवण अळणी असतं म्हणतात. तुम्हाला सवय व्हावी म्हणून आजपासून मीठ कमी करू का?” अनुस्वार हसले नाहीत. बायकोही फारशी हसली नाही.

आता अर्ज. नोंदणी कार्यालयाने तो नुकताच नव्याने छापला होता आणि त्यात सगळीकडे चौकोन होते. एका चौकोनात एक अक्षर. मंडळाने तो टेबलावर पसरला आणि दहाही जणांचे डोळे चमकले. वर सूचना होती, ‘लागू नसलेले खोडावे’. शब्दकोडं रचणाऱ्याच्या भाषेत चौकोन खोडायचा एकच प्रकार असतो, तो म्हणजे काळा करणं. वाहने, शाखा, परदेशातली मालमत्ता, सगळे चौकोन काळ्या शाईने भरीव रंगवून झाले. मग गणिताच्या बाई जरा लांब उभ्या राहून बघायला लागल्या. “डावीकडे जड झालंय,” त्या म्हणाल्या. “काळे चौकोन दोन्हीकडून सारखे हवेत, नाहीतर रचना बिघडते.” म्हणून मग उजवीकडेही थोडे काळे केले.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने तो अर्ज हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.

“हे काय आहे?”

“लागू नव्हतं ते खोडलंय.”

“खोडा म्हणजे एक रेघ मारा. तुम्ही फरशी बसवली आहे. आणि दवाखान्याचा घर क्रमांक कुठे गेला?”

“तो समोरच्याशी जुळवून घ्यावा लागला,” अनुस्वार म्हणाले. हे बोलताना आपण काय बोलतोय हे त्यांना कळत होतं, पण दुसरं उत्तर नव्हतं. रांगेतल्या मागच्या माणसाने वाकून अर्ज बघितला आणि ‘सुंदर’ म्हणाला, त्यामुळे अपमानात भरच पडली.

दुसरा अर्ज आणला. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी बजावलं, काळं काही करायचं नाही. सगळं आधी पेन्सिलीने भरायचं, सर्वांनी तपासायचं, मग अनुस्वारांनी घरी नेऊन शाईने गिरवायचं. तसं झालं. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात ‘शेरा’ असं लिहून पुढे तीन चौकोन होते. त्याच्या वर एक ओळ होती, पण ती इतक्या बारीक टाइपात होती की मंडळाच्या सरासरी वयाला ती दिसण्यासारखी नव्हती.

“शेरा, तीन अक्षरी,” डॉक्टर म्हणाले.

“उत्तम?” शिंपीमामांनी विचारलं.

“अर्जावर ‘उत्तम’ कोण लिहितं? ‘मंजूर’,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “मं, जू, र. बसतंय.”

“‘नामंजूर’ चार अक्षरी आहे, ते बसतच नाही,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे ‘मंजूर’च अपेक्षित आहे.”

यावर कोणाचं दुमत नव्हतं. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच दहा जणांचं एकमत झालं होतं, त्यामुळे उत्तर बरोबर असणार याची सगळ्यांना खात्री वाटली. शिवाय विमेवाल्यांनी सांगितलंच होतं, मोकळी जागा सोडायची नाही. अनुस्वारांनी घरी खिडकीपाशी बसून एकेक अक्षर शाईने गिरवलं आणि शेवटी ‘मं’वर आपला तो गोल गरगरीत अनुस्वार दिला. खिडकीतल्या कारकुनाने या वेळी अर्जाकडे न बघताच शिक्का मारून तो मागच्या टेबलाकडे सरकवला. मग तीन आठवडे काहीच कळलं नाही. एके दिवशी मात्र दाखला तयार असल्याचा निरोप आला. आडवे-उभे मंडळ अस्तित्वात आलं.

डॉक्टरांनी त्या रविवारी सगळ्यांचे दात फुकट तपासले. आनंद व्यक्त करण्याची त्यांची तीच पद्धत होती.

बँकेत मात्र दाखल्याबरोबर मूळ अर्जाची सही-शिक्क्याची प्रत मागितली. चेकचे नऊ दिवस उरले होते. अनुस्वारांनी कार्यालयात जाऊन प्रत घेतली, आणि हातात कागद आला की वाचायचाच या सवयीने जिन्यात उभं राहून, आता बदललेल्या चष्म्यातून, वरपासून वाचत खाली आले. नाव बरोबर. पत्ता बरोबर. शेवटच्या कोपऱ्यातली बारीक ओळ त्यांनी पहिल्यांदाच वाचली. ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने येथे काहीही लिहू नये.’ त्याखाली शेरा: मंजूर. अक्षर त्यांचं. अनुस्वार तर खासच त्यांचा. आणि त्याखाली नोंदणी अधिकारी बाईंची सही आणि गोल शिक्का.

अनुस्वारांची पाचावर धारण बसली. सरकारी शेरा त्यांनी स्वतःच लिहिला होता. अर्ज स्वतः करून स्वतःच मंजूर केला होता, आणि त्या मंजुरीवर मंडळ उभं होतं. छापखान्यात अशा कागदाला काय म्हणायचे ते त्यांना माहीत होतं. खोटा कागद. ते जिन्याच्या पायरीवर बसले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

विमेवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, “मी मोकळी जागा म्हणालो होतो, चौकोन म्हणालो नव्हतो.” मग त्यांनी एका कलमाचा आकडा सांगितला आणि शिक्षेचा आकडा सांगितला, आणि दोन्हींत फार फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, “गप्प बसा. कोणी विचारलंय का? नाही ना? प्रत बँकेत द्या आणि मोकळे व्हा. जो दात त्रास देत नाही त्याला मी कधी हात लावत नाही.” गणिताच्या बाईंनी नऊ दिवसांचा हिशेब मांडून दाखवला: आज बोललात तर दाखला रद्द, नवा अर्ज, पुन्हा तीन आठवडे, चेक गेला, पुस्तक गेलं. हिशेबात चूक नव्हती.

प्रत खिशात होती. बँक दोन गल्ल्या पलीकडे होती. अनुस्वार त्या दोन गल्ल्या तीनदा चालून आले आणि बँकेच्या दारातून परत फिरले. एकीकडे टपालबाईंची वही होती आणि दुसरीकडे दिसलेली चूक होती, आणि आयुष्यात दिसलेल्या चुकीवरून त्यांनी कधी पान उलटलं नव्हतं. शिवाय नऊ पानांची ती घटना त्यांनीच लिहिली होती. घरी आल्यावर बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“सांगून टाका जाऊन,” ती म्हणाली. “नाहीतर ते पुस्तक निघेल आणि तुम्हाला उघडवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताना ते दारात उभे होते. नोंदणी अधिकारी बाईंची खोली लहान होती, फायलींनी भरलेली, आणि खिडकीत ठेवलेल्या कुंडीतलं रोपही फायलीतून उगवल्यासारखं दिसत होतं. मॅडम पन्नाशीच्या, थकलेल्या, आणि नुकताच चहा पुढ्यात आलेला. त्या चहाचं आपल्यामुळे वाटोळं होणार याचंही अनुस्वारांना वाईट वाटलं.

“मॅडम, माझ्या हातून गुन्हा झालाय,” ते म्हणाले आणि प्रत टेबलावर ठेवली. “हा शेरा माझ्या अक्षरात आहे.”

मॅडमनी प्रत पाहिली, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा प्रत पाहिली. “तुम्ही लिहिलंत हे? का?”

“तीन चौकोन होते,” अनुस्वार म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, ‘नामंजूर’ चार अक्षरी असल्यामुळे बसत नाही इथपर्यंत. जिथे जिथे ‘आम्ही’ म्हणता आलं असतं तिथे त्यांनी ‘मी’ म्हटलं.

मॅडमनी घंटी वाजवली आणि हेडक्लार्कना मूळ अर्ज घेऊन बोलावलं. “हा शेरा तुम्ही लिहिला नव्हता का?”

“मला वाटलं तुम्ही लिहिला, मॅडम.”

“मला वाटलं तुम्ही लिहिलाय, म्हणून मी काही विचारलं नाही.”

“मी तो आधीच लिहिलेला बघितला, म्हणून तुमच्याकडे पाठवला,” हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. “नवा अर्ज आल्यापासून ते तीन चौकोन आपण कोणी भरतच नाही, मॅडम. ते कशाला ठेवलेत ते कोणालाच माहीत नाही.”

अनुस्वारांनी मनात घराची व्यवस्था लावली. विजेचं बिल भरलेलं होतं. वही बायकोकडे द्यायची, तिचं शुद्धलेखन चांगलं होतं, पण जोडाक्षरांत ती घाई करायची.

“तुमची घटना मी पूर्ण वाचली होती,” मॅडम अचानक म्हणाल्या. “नऊ पानं. लोक कुठलीतरी उतरवून आणतात, त्यात दुसऱ्याच संस्थेचं नावसुद्धा तसंच असतं. तुमच्यात खोडरबरांचीही व्यवस्था होती. आणि एक कलम होतं, चूक आढळल्यास खजिनदाराने ती कोणी विचारायची वाट न बघता सांगावी. ते कोणी लिहिलं?”

“मीच.”

“म्हणून सही केली मी. मंडळ त्या सहीने मंजूर झालंय, तुमच्या तीन चौकोनांनी नाही. दाखला राहील.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “फक्त हा शेरा असा ठेवता येणार नाही. तुमचा खोडून माझ्या हाताने लिहायला लागेल.”

“मॅडम, एका अर्जावर एकच खाडाखोड चालते,” हेडक्लार्क हळूच म्हणाले. “दुसरी झाली तर नवा अर्ज घ्यावा लागतो.”

“एकच करतेय.” मॅडमनी अनुस्वारांच्या शब्दावर एक रेघ मारली, शेजारी ठसठशीत अक्षरात शेरा लिहिला, खाली छोटी सही केली आणि मूळ अर्ज यांच्यापुढे फिरवला. “बघून घ्या.”

अनुस्वारांनी बघितलं. मॅडमनी लिहिलं होतं, ‘मंजुर’.

जकाराला उकार पहिला. ऱ्हस्व. निळ्या शाईत, सरकारी सहीसकट, कायमचा.

अनुस्वारांचा हात आपसूक खिशातल्या लाल पेनाकडे गेला. घसा खाकरला. ‘अकारान्त शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ’ हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. एकदा कागद हातावेगळा झाला की ही चूक त्या फायलीत मंडळाच्या नावाखाली वर्षानुवर्षं राहणार होती, आणि ती दिसलेला जगात एकच माणूस असणार होता.

“काही राहिलं का?” मॅडमनी विचारलं.

हेडक्लार्क बघत होते. मॅडम बघत होत्या. पेन अर्धं खिशाबाहेर आलं होतं.

“नाही,” अनुस्वार म्हणाले.

“नक्की ना? नंतर म्हणू नका.”

“नक्की. अगदी… बरोबर आहे,” त्यांनी सांगितलं, आणि पेन परत खिशात लोटलं. आपण धडधडीत खोटं बोललो हे त्यांना कळलं, आणि आश्चर्य म्हणजे जीव भांड्यात पडला. मॅडमनी नव्या प्रतीवर शिक्का मारून दिला. जिना उतरताना त्यांचे पाय इतके हलके झाले होते की शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी एकदम उतरल्या, आणि आपलं वय लक्षात आल्यावर कठडा धरला.

तिथून ते थेट बँकेत गेले. टेबलामागच्या त्याच माणसाने दाखला पाहिला, प्रत पाहिली, शेरा पाहिला आणि त्याला काहीही खटकलं नाही. खातं उघडलं. चेक भरला. तीन दिवसांनी पैसे जमा झाले. अनुस्वारांनी ते स्वतः जाऊन पासबुकात पाहिलं, तिथल्या बाकावर बसले, आणि आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून डोळे पुसले. एकशे बारा कोडी छापून निघणार होती. बाईंना दिलेला शब्द पाळला गेला होता.

घरी बायको भाजी चिरत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“जमा झाले,” ते म्हणाले. “उद्या वही छापखान्यात देतो.”

“सुटलात एकदाचे.” तिने सुरी खाली ठेवली. “पण त्या दिवसापासून काहीतरी मनात ठेवून फिरताय. काय ते सांगा.”

अनुस्वारांनी इकडे-तिकडे बघितलं. “मॅडमनी ‘मंजूर’ लिहिलं ना, ते पहिल्या उकाराने लिहिलंय.”

“अगं बाई. मग काय म्हणाल्या त्या, तुम्ही सांगितल्यावर?”

“मी नाही सांगितलं.”

बायको उठली. ओले हात पदराला पुसले आणि जवळ येऊन हाताची पालथी बाजू त्यांच्या कपाळाला लावून बघितली, मग गळ्याला. ताप नव्हता.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?” तिने काळजीने विचारलं.

“फार बरं वाटतंय,” अनुस्वार म्हणाले.